नानांची वही आणि डबा मॉनिटर

गेले तीन वीकेंड इथे काही लिहिलं नाही. कारण नेहमीचंच, रिलीज. चौथ्या वीकेंडला मात्र लॅपटॉप मुद्दाम पुण्यात ठेवून शिराळ्याला गेलो आणि येताना गाडीच्या मागच्या सीटवर एक सतरा इंची डबा मॉनिटर, बेल्ट लावून, शहाण्या मुलासारखा बसवून घेऊन आलो. बायकोचा पहिला प्रश्न, "हे काय आणि?" दुसरा प्रश्न, "ठेवणार कुठे?" दुसऱ्याचं उत्तर अजून सापडलेलं नाही. पहिल्याचं जरा लांबलचक आहे, म्हणून इथे लिहितोय. हा मॉनिटर माझाच आहे. २००९ साली दुरुस्तीला टाकला होता, तो आत्ता आणला. मधल्या काळात काय झालं त्याचा हा इतिहास.

हायवेनं पुण्याहून कोल्हापूरकडे जाताना कराड सोडलं की पेठ नाका येतो. तिथून उजवीकडे आत वळलं की शिराळा. सांगली जिल्ह्याचं पश्चिम टोक. जुनी माणसं अजूनही बत्तीस शिराळाच म्हणतात. तुमच्यापैकी बहुतेकांनी हे नाव नागपंचमीमुळे ऐकलं असेल. आज तो विषय नाही. आजचा विषय एसटी स्टँडच्या मागच्या बाजूला असलेलं, आठ बाय दहाचं एक दुकान आणि त्यात बसणारे नाना.

नाना माझे नात्याने कोणी नाहीत. माझ्या आत्येभावाच्या, म्हणजे दादाच्या ओळखीचे, म्हणून आमचेही नाना. आधी रेडिओ दुरुस्त करायचे, मग टेपरेकॉर्डर, मग ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, मग रंगीत, मग कॉम्प्युटरचे मॉनिटर, मग डिशचे बॉक्स. आता एलईडी टीव्ही आणि इन्व्हर्टरचे बोर्ड. हे सगळं मला त्यांनी सांगितलं नाही, त्यांच्या वह्यांनी सांगितलं. लाल कापडी पुठ्ठ्याच्या लांबट खतावण्या असतात ना, तशा वह्या. प्रत्येक पानावर सात रकाने: तारीख, नाव-गाव, वस्तू, तक्रार, काय निघालं, रुपये, नेला.

आपण लोक बग ट्रॅकरमध्ये "लक्षण" आणि "मूळ कारण" वेगळं लिहायला शिकावं म्हणून ट्रेनिंगं घेतो. नाना ते कोणी न सांगता करत होते. काही नोंदी वाचताना मी दुकानात एकटाच हसत बसलो होतो. तक्रार: "माणसं बुटकी दिसतात". निघालं: व्हर्टिकलचा कंडेन्सर. तक्रार: "सगळं पिवळं". निघालं: केबलची पिन वाकडी. (व्हीजीएच्या १५ पिनांपैकी ३ नंबरची पिन निळा रंग आणते. निळा गेला की लाल आणि हिरवा उरतात, म्हणजे पिवळं.) तक्रार: "सकाळी धुरकट, दुपारी बरं". निघालं: सॉकेट. आणि बऱ्याच पानांवर, तक्रार: "चालू होत नाही, दिवा नारिंगी". निघालं: "मॉनिटर चांगला. रॅम हलवली". पैसे: काही नाही.

या शेवटच्या नोंदीला आपण सगळे गुन्हेगार आहोत. स्क्रीन काळा म्हणजे मॉनिटर गेला असं धरून लोक तो पंधरा किलोचा डबा मोटरसायकलवर मांडीत घेऊन यायचे. नारिंगी दिवा म्हणजे मॉनिटर जागा आहे, त्याला सिग्नल मिळत नाही, एवढंच. दोष सीपीयूच्या डब्यात, आणि तो राहिला घरी!

आता जरा डब्याच्या आत जाऊ. ज्यांनी फक्त एलसीडी पाहिलेत त्यांच्यासाठी थोडक्यात. १८९७ साली स्ट्रासबुर्गमध्ये कार्ल फर्डिनांड ब्राऊन याने ही नळी बनवली. काचेच्या नळीत निर्वात पोकळी, मागे तापलेला कॅथोड, त्यातून निघणारे इलेक्ट्रॉन पुढच्या काचेवरच्या लेपावर आपटतात आणि तिथे उजेड पडतो. रंगीत नळीत असे तीन झोत. नळीच्या मानेवर तांब्याच्या तारेची गुंडाळी असते, तिला योक म्हणतात. ती चुंबकाच्या जोरावर झोताला डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली फिरवते. साध्या ६४० बाय ४८० च्या चित्रासाठी झोत सेकंदाला ६० वेळा वरून खाली येतो आणि साधारण ३१,५०० वेळा आडवा धावतो. म्हणजे कुठल्याही एका क्षणी पडद्यावर खरं तर एक ठिपकाच असतो. बाकीचं चित्र आपल्या डोळ्यात आणि लेपाच्या रेंगाळण्यात.

(लहानपणी टीव्हीला जोडून बंदुकीने बदकं मारायचा गेम खेळलेल्यांसाठी: ती बंदूक एलसीडीवर चालत नाही ती याच कारणाने. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होऊन बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा आणि बंदुकीला तो त्या क्षणीच दिसावा लागायचा. एलसीडी थोडा उशीर करतो. बदक वाचतं.)

डब्याची गंमत अशी की बिघाड स्वतःच पडद्यावर लिहून येतो. मॉनिटर लावला आणि पडद्याच्या मध्यभागी एक चकचकीत आडवी रेघ दिसली, वर-खाली सगळा अंधार, तर झोत आडवा धावतोय पण वरखाली होत नाहीय. म्हणजे व्हर्टिकलचा भाग गेला. बोर्डावर शेकडो पार्ट असतील, पण आता बघायचे पाच-सात. नानांचा पहिला सवाल तेव्हा ब्राइटनेस कमी केला का, हा असायचा. सगळा झोत एकाच रेघेवर पडत असतो, लेप तिथे जळतो आणि मग दुरुस्तीनंतरही ती रेघ जन्मभर दिसते.

मी एकदा शहाणपणा करून विचारलं होतं, मग उभी रेघ का दिसत नाही कधी? नाना म्हणाले, "दिसंल कशी? हॉरिझाँटल मेलं की दिवाच मालवला." नंतर पुस्तकात वाचून कळलं. नळीला लागणारे पंचवीस हजारांच्या आसपासचे व्होल्ट ज्या ट्रान्सफॉर्मरमधून येतात (आपल्याकडचे मेकॅनिक त्याला ईएचटी म्हणतात), तो हॉरिझाँटलच्याच सर्किटवर चालतो. हॉरिझाँटल बंद म्हणजे ते व्होल्ट बंद, म्हणजे पूर्ण अंधार. योकची एखादी वायर सुटली तरच उभी रेघ, आणि ते क्वचित.

आणि टपली! टीव्हीला टपली मारली की चालू होतो, हे आपल्या घरांतलं सर्वमान्य शास्त्र होतं. त्यात तथ्य आहे. जड आणि तापणारे पार्ट, म्हणजे ईएचटी, व्हर्टिकल आयसी, योकचा सॉकेट, यांचे पाय रोज तापून-निवून सोल्डरमध्ये सैल होतात. भिंगातून पाहिलं तर पायाभोवती केसासारखी गोल चीर दिसते. ड्राय सोल्डर. टपलीने ती चीर क्षणभर टेकते. वहीच्या "काय निघालं" रकान्यात हे दोन शब्द इतक्या वेळा आलेत की पुढे पुढे नानांनी नुसतं "ड्रा. सो." लिहायला सुरुवात केलेली दिसते.

माझी नेमणूक होती आरसा धरायची. फोकस आणि स्क्रीन या दोन भिंगऱ्या ईएचटीवर, डब्याच्या मागे. चित्र पुढे. माणूस एक. म्हणून मॉनिटरच्या समोर कोणीतरी आरसा धरून बसायचं आणि नानांनी मागून त्यात बघत भिंगरी फिरवायची. अक्षरं उलटी दिसायची, पण धुरकट उलटं आणि स्वच्छ उलटं यातला फरक कळतोच. २००४ च्या उन्हाळ्यात मी महिनाभर हे काम केलं, आणि ते हौसेने नाही, शिक्षा म्हणून.

झालं असं. एमकेसीएल २००१ साली स्थापन झाली आणि एमएस-सीआयटीचा कोर्स आला. सरकारी नोकरीत हे सर्टिफिकेट लागायला लागलं तसे मास्तर, तलाठी, ग्रामसेवक, झाडून सगळे की-बोर्डसमोर बसले. तालुक्या-तालुक्याला सेंटरं निघाली. दादानंही कर्ज काढून एक टाकलं, दहा मशीनचं. दहाच्या दहा मॉनिटर जुने, मुंबईहून वापरलेले आणलेले, कारण नवे परवडत नव्हते. मी तेव्हा इंजिनिअरिंगला, सुट्टीत आलेलो. अंगात लिनक्स संचारलेलं. एका मशीनवर एक्स-फ्री-८६ ची कॉन्फिग फाइल हाताने लिहीत बसलो. या फाइलीत मॉनिटर सेकंदाला किती रेघा मारेल तो आकडा आपणच द्यायचा असतो. चुकीचा दिलात तर मॉनिटर बिघडू शकतो अशी ताकीद त्या काळच्या कागदपत्रांत असायची. ती मी वाचली होती आणि हसलो होतो. सॉफ्टवेअरने कुठे हार्डवेअर जळतं?

मॉनिटरने एक बारीक शीळ घातली. पाच-सहा सेकंद. मग टक् असा आवाज आणि वास.

तो वास ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. परीक्षेची बॅच चार दिवसांवर होती. दादा काहीच बोलला नाही, ते जास्त लागलं. तो मॉनिटर दोघांनी उचलून नानांकडे नेला. नानांनी हॉरिझाँटलचा ट्रान्झिस्टर काढून मल्टिमीटर लावला, मीटर किंचाळला, शॉर्ट. मग माझ्याकडं न बघता दादाला विचारलं, "ह्ये कुणी केलं?"

पुढे कळलं की या चुकीची परंपरा मोठी आहे. १९८१ च्या मूळ आयबीएम पीसीबरोबरचा ५१५१ हा हिरवा मॉनिटर कार्डाकडून येणाऱ्या ठोक्यावर थेट नाचायचा. चुकीचा ठोका दिला तर त्याचंही तेच व्हायचं. नंतरच्या चांगल्या मॉनिटरांत नको तो ठोका ओळखून गप्प बसायची सोय आली. दादाच्या स्वस्तातल्या डब्यात ती नव्हती.

नाना त्या दिवशी अडले ते पार्टवर. त्यांच्याकडे टीव्हीचे ट्रान्झिस्टर होते, बीयू २०८, डबाभर. पण टीव्हीची आडवी धाव सेकंदाला १५,६२५. मॉनिटरची किमान दुप्पट, आणि १०२४ बाय ७६८ ला ८५ हर्ट्झ ठेवलं तर ६८ हजारांच्या वर. टीव्हीचा ट्रान्झिस्टर तिथे लावला तर चालू होतो, तापतो आणि संध्याकाळपर्यंत मरतो. हे त्यांनी स्वतःच्या पैशाने शिकलेलं होतं. वहीत आहे ते: एकाच गिऱ्हाइकाचं नाव लागोपाठ तीनदा, तिसऱ्यांदा रुपयांच्या रकान्यात शून्य. मग दादा कोल्हापूरला एसटीने जाऊन योग्य पार्ट घेऊन आला. रात्री अकराला मॉनिटर चालू झाला, तोही आधी शंभरच्या सिरीज बल्बवर. बोर्डात अजून शॉर्ट असेल तर बल्ब भकाभका पेटतो आणि नवा पार्ट वाचतो. बल्ब आधी उजळला आणि मग मंदावला. दादानं तेव्हा कुठे पाणी मागितलं.

तर त्या महिन्यात मी आरसा धरला, आणि बघत राहिलो. तेव्हा नाही कळलं, पण वही चाळताना आता कळतंय की या नोंदींना ऋतू आहेत. जून-जुलैच्या पानांवर सॉकेट. नळीच्या मानेवरच्या सॉकेटमध्ये फोकसचे काही हजार व्होल्ट येतात. पावसाळ्यात चांदोलीकडच्या दमट हवेने ती पिन हिरवी पडायची, व्होल्ट गळायचे, चित्र धुरकट. तासाभराने आतल्या उष्णतेने ओल वाळली की स्वच्छ. म्हणून "सकाळी धुरकट, दुपारी बरं". पंधरा-वीस रुपयांचं काम.

मार्च ते मे मात्र पॉवर सप्लाय. पानंच्या पानं. आणि हे प्रकरण नुसत्या हवेचं नाही. एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला आणि पुढची काही वर्षं ग्रामीण महाराष्ट्राने भारनियमन काय असतं ते भोगलं. मधे ६ जून २००५ ला वीज मंडळाची वाटणी होऊन महावितरण वगैरे कंपन्या झाल्या, पण शिराळ्यात वीज जायची ती जायचीच. जाण्यापेक्षा येणं वाईट. कधी १६०, कधी २७०, आणि कुठे न्यूट्रल तुटला तर घरात ४०० च्या आसपास. सेंटरमध्ये वीज आली की दहा मॉनिटर एकदम "ढम्म" करायचे. (तो आवाज आठवतो? डीगॉस कॉइल. पडद्यामागच्या लोखंडी जाळीतलं चुंबकत्व घालवते, चित्र क्षणभर थरथरतं.) प्रत्येक ढम्म म्हणजे फ्यूजवर एक फटका. शहरात एक मॉनिटर दिवसात एकदा चालू व्हायचा, इथे सात-आठ वेळा.

त्यावर उपाय म्हणून दादानं स्टेबलायझर आणले. तर नवीन तक्रार: चित्र हलतं. सगळ्यांचं नाही, तिघांचंच. मी ड्रायव्हर बदलले, केबल बदलल्या, व्हायरस शोधला. नाना आले, दारातूनच बघितलं आणि म्हणाले, "लेका, मशीन कशाला उघडतोस, शेजारी काय ठेवलंय ते बघ की." स्टेबलायझर त्या तिघांना चिकटून टेबलावर. त्याच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकत्व ५० हर्ट्झचं, चित्र ६० चं. दोहोंतला फरक १०, म्हणून सेकंदाला दहा वेळा चित्र डुलायचं. हे गणित मी नंतर कागदावर मांडलं. नानांनी स्टेबलायझर उचलून जमिनीवर ठेवला आणि चहा प्यायला.

आता जरा नदी ओलांडू. शिराळ्याची मोरणा पुढे वारणेला मिळते आणि वारणेच्या पलीकडे कोल्हापूर जिल्हा, वारणानगर. १९९८ साली पंतप्रधानांच्या माहिती तंत्रज्ञान कृतिदलाच्या पुढाकाराने तिथे "वायर्ड व्हिलेज" प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यातली वारणा समूहाभोवतीची ७० गावं, ५४ ठिकाणी कॉम्प्युटरची केंद्रं, एनआयसीचं तांत्रिक बळ. शेतकऱ्याला उसाची नोंद, तोडीची परवानगी, वजनाची पावती, बिल, सगळं गावातच मिळावं. शिवाय शेतीचा सल्ला, आरोग्य, शिक्षण. त्या काळातल्या ई-गव्हर्नन्सच्या प्रत्येक भाषणात वारणेचं नाव असायचं.

काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चची माणसं तिथे आली. त्यांना दिसलं की केंद्रांचा खरा उपयोग उसाच्या हिशोबापुरताच होतोय. मग त्यांनी सात गावांत आठ महिने कॉम्प्युटरच्या जागी मोबाईलचे एसएमएस वापरून पाहिले. कॉम्प्युटरवर जे होत होतं ते सगळं झालं, स्वस्तात झालं आणि शेतकऱ्यांना जास्त आवडलं. "वारणा अनवायर्ड" या नावाने २००७ मध्ये तो अभ्यास मांडला गेला आणि आमच्या धंद्यात तो बऱ्यापैकी गाजला. मी तो ऑफिसात वाचला आणि मान डोलावली. साधा आणि योग्य निष्कर्ष.

तो आजही योग्यच वाटतो. पण नानांची वही वाचल्यावर एक टोचणी लागली. गावात कॉम्प्युटर ठेवणं महाग पडतं, असं आपण म्हणतो तेव्हा त्या "महाग"च्या आत काय काय असतं? भारनियमन असतं. कोल्हापूरपर्यंतचं एसटीचं तिकीट असतं. आणि पार्ट वेळेवर मिळाला तर शे-दोनशे रुपयांत मशीन उभं करणारा माणूस चार गावं सोडून बसलेला असतो, तो कुठल्याच हिशोबात धरलेला नसतो. भाषणात नाही आणि अभ्यासातही नाही. मोबाईल बिघडला असता तर तोही त्याच्याकडेच गेला असता, हा भाग वेगळा.

असो. नानांच्या मॉनिटरांचा काळ संपला तो मात्र एसएमएसने नाही. दोन गोष्टी एकदम आल्या. १९९७ साली भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला. त्यानुसार कॉम्प्युटर आणि मॉनिटरवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरत २००५ पर्यंत शून्यावर आलं. आणि तेव्हाच एलसीडीच्या किमती कोसळायला लागल्या. दुरुस्ती साडेतीनशे रुपयांची असली तरी गिऱ्हाईक आता नव्या पातळ पडद्याची किंमत विचारून आलेलं असायचं.

हा अंदाज फक्त शिराळ्यातच चुकला नाही. २००५ सालीच औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) व्हिडिओकॉनने फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला, इटली, पोलंड, मेक्सिको, चीनमधल्या कारखान्यांसकट. थॉमसनकडे हा वारसा अमेरिकेच्या आरसीएकडून आला होता. ज्या आरसीएने १९५० मध्ये रंगीत शॅडो मास्क नळी जगाला दाखवली, ती! म्हणजे रंगीत नळीच्या मूळ घराण्याची गादी फिरत फिरत मराठवाड्यात आली. पेपरांत मोठे मथळे होते. मला स्वतःला छाती फुगल्याचं आठवतं. २००७ च्या शेवटच्या तिमाहीत जगभरात एलसीडी टीव्हींची विक्री नळीच्या टीव्हींपेक्षा जास्त झाली, आणि २०१८ मध्ये व्हिडिओकॉन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कारणं अनेक होती, नळी त्यातली एक. पण इतक्या मोठ्या माणसांना जे २००५ मध्ये दिसलं नाही ते नानांना तरी कसं दिसावं? त्यांनी त्याच सुमारास मॉनिटरच्या पार्टचा साठा केला होता. मॉनिटरचेच ट्रान्झिस्टर, १०५ डिग्रीचे कंडेन्सर, ईएचटी. परत कोणाला कोल्हापूरला पळायला लागू नये म्हणून. त्यातला निम्मा अजून पुड्यांत आहे.

आता वहीतला शेवटचा रकाना. "नेला". २००७ पर्यंत त्यात तारखा आहेत, बहुतेक चार-आठ दिवसांतल्या. पुढच्या वर्षापासून रिकाम्या जागा दिसायला लागतात. तक्रार लिहिलेली, काय निघालं ते लिहिलेलं, रुपये लिहिलेले, म्हणजे दुरुस्ती झालेली. आणि नेला, काही नाही. पानामागून पान. मी आजवर समजत होतो की डबा मॉनिटर दुरुस्त होण्यापलीकडे गेले म्हणून संपले. इथे तर दुरुस्त झालेले मॉनिटर रांगेत उभे होते आणि माणसं आली नव्हती. पार्ट नानांच्या पैशाचे, मजुरी नानांची.

दादाच्या सेंटरचे दोन आहेत त्यात. आणि मे २००९ च्या पानावर माझं नाव आहे. मॉनिटर १७ इंची. तक्रार, आडवी रेघ. निघालं, व्ह. आयसी, ड्रा. सो. रुपये ३५०. पुढे रिकामं.

पहिल्या नोकरीच्या पैशातून घेतलेला मॉनिटर होता तो. पुण्याहून आई-बाबांसाठी गावी आणला, बिघडला, नानांकडे टाकला आणि त्याच महिन्यात ऑनसाइट जायचं ठरलं. परत येताना लॅपटॉप होता. आठवण आली नाही असं नाही. दोनदा तरी शिराळ्यातून गेलो तेव्हा आली. पण जाऊन काय सांगणार होतो? मला तो नको आहे, हे? त्यापेक्षा न जाणं सोपं होतं.

या खेपेला गेलो ते दादानं सांगितलं म्हणून. नाना दुकान आवरतायत, मुलगा तिथे मोबाईलचं दुकान काढतोय. मागच्या खोलीत मॉनिटर छतापर्यंत रचलेले. भंगारवाला दोनदा येऊन गेला होता. नानांनी दिले नाहीत. म्हटलं का? म्हणाले, तो मान मोडून नुसतं योकचं तांबं नेतो आणि काचा वढ्याला टाकतो. या काचांचं मला माहीत होतं. नळीच्या मागच्या फनेलच्या काचेत वजनाच्या जवळजवळ पाव हिस्सा शिशाचा ऑक्साईड असतो, आतले किरण बाहेर येऊ नयेत म्हणून. ई-कचऱ्याचे नियम मे २०१२ पासून लागू झालेत, नंतर दोनदा नवे आले. मी नानांना पुण्यातल्या अधिकृत रिसायकलरकडे टेम्पो पाठवायची व्यवस्था करतो म्हणालो आणि ती केली आहे. पुढच्या शनिवारी जाईल. (भाडं मी आणि दादा निम्मं-निम्मं. आमचे तिघे होते त्यात, एवढं तरी.)

मी साडेतीनशे रुपये पुढे केले, खरं तर दोन हजार काढले होते. नानांनी साडेतीनशेच घेतले. मग माझा डबा बाहेर काढला, फडक्याने पुसला आणि सिरीज बल्बवर लावला. बल्ब उजळला, मंदावला. मग थेट लावला. ढम्म! इतक्या वर्षांनी तो आवाज ऐकून मी खरंच दचकलो. कोपऱ्यातल्या जुन्या सीपीयूला जोडल्यावर विंडोजची हिरवी टेकडी वर आली, कडेकडेनं जरा मऊ, पण पूर्ण, वरपासून खालपर्यंत.

वही उघडून त्यांनी २००९ चं पान काढलं, चष्मा वर केला आणि शेवटच्या रकान्यात तारीख घातली. मी मॉनिटर उचलायला वाकलो तर म्हणाले, "थांब की जरा. फोकस हाललाय त्याचा." आणि ड्रॉवरमधून आरसा काढून माझ्या हातात दिला.

"नीट धर. हालवू नगंस."